गर्भाशय, गर्भाशयमुख, अंडाशयाचा कॅन्सर: उपचार संपल्यावर बायका विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर या पट्ट्यातल्या बायकांचे आहेत. मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडे बायका येतात त्या पायाची सूज नाहीतर लघवीची तक्रार घेऊन, आणि खरा प्रश्न निघताना, चपला घालता घालता विचारतात. ओपीडीत तो विचारलेला नसतो, कारण तिथे वेळ पाच मिनिटांचा, खोलीत शिकाऊ डॉक्टर, आणि शेजारी दीर नाहीतर मुलगा फाईल धरून उभा. मग "जीव वाचला ना, आता थोडं सोसायचं" ही समजूत घट्ट बसते. ती मला पटत नाही. यातल्या पुष्कळ त्रासांना वैद्यकात नाव आहे आणि बऱ्याच त्रासांवर इलाजही आहे, फक्त ते बोलायला हवेत. खाली कुठे औषधाचं नाव आलं असेल तर ते डॉक्टरांशी बोलणं सोपं जावं म्हणून, परस्पर मेडिकलमधून आणायला नव्हे.

रिपोर्ट चांगला आला, डॉक्टर म्हणाले आता तीन महिन्यांनी या. मग मला बरं का वाटत नाही?

रिपोर्ट सांगतो गाठ आहे की नाही. जिना चढवतो का, रात्री झोप लागते का, नवऱ्याशेजारी आडवं व्हायची धास्ती वाटते का, हे त्या कागदावर नसतं. ते विचारायला वेगळ्या प्रश्नावल्या असतात. ईओआरटीसी या युरोपीय संस्थेची ३० प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात आणि ती मराठीतही आहे. प्रश्न साधे असतात: गेल्या आठवड्यात थकवा होता का, झोपेला अडचण आली का, घरच्यांबरोबरच्या जगण्यात आजार आडवा आला का. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तिला २४ प्रश्नांची पुरवणी आहे. तिच्यात योनिमार्गाचा त्रास, संडासवरचा ताबा, पायाची सूज, अंगातून निघणाऱ्या वाफा, आपल्याच शरीराबद्दल वाटणारी नाराजी, सगळं विचारलेलं आहे. म्हणजे जे सांगायला तुम्हाला लाज वाटते ते जगभरच्या डॉक्टरांनी छापून विचारलं आहे.

प्रश्नावली हातात नसली तरी चालेल. गेल्या आठवड्यात सगळ्यात जास्त कशाने अडलं, एवढं वहीत चार ओळींत लिहा आणि ओपीडीत आत गेल्या गेल्या वाचून दाखवा. शेवटी नको, शेवटी वेळ उरत नाही.

चार महिने झाले तरी भाजी निवडली की दमायला होतं. कोणतं टॉनिक घेऊ?

आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, ड जीवनसत्त्व यांत काही कमी-जास्त असेल तर त्याचा इलाज वेगळा. ते सगळं ठीक असूनही थकवा असेल तर तो कॅन्सरच्या उपचारांनंतरचा थकवा. तो झोपून जात नाही, झोपून वाढतो. घरच्यांना हे पटवणं सगळ्यात कठीण जातं, कारण त्यांना वाटतं आपण तिला आराम देतोय, आणि तिचे पायांचे स्नायू मात्र दिवसेंदिवस वितळत असतात. आजवरच्या अभ्यासांत या थकव्यावर सगळ्यात चांगला उतरलेला उपाय म्हणजे नियमित चालणं आणि हलका ताकदीचा व्यायाम. पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं, मग हळूहळू वाढवत अर्धा तास. ठाण्याच्या तलावपाळीची एक फेरी, नेरूळचं वंडर्स पार्क, खारघरचं सेंट्रल पार्क, जे जवळ असेल ते. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत.

जड कामं एकाच दिवशी घेऊ नका. कपडे आणि ओटा एकाच सकाळी नको. आणि टॉनिकचे पैसे वाचवा.

पिशवी काढली. आता आत पोकळी राहिली असेल ना? त्यामुळे पोट सुटलं का?

पोकळी राहत नाही. आतडी सरकून ती जागा भरून काढतात. पोट सुटण्यामागे पाळी अचानक जाणं, महिनोन्‌महिने बसून राहणं, आणि पोटाचे स्नायू सैल पडणं ही कारणं असतात. पट्टा बांधून पोट आत जात नाही. घट्ट पट्ट्याने ओटीपोटावर उलट दाब वाढतो.

रेडिएशन संपल्यावर नर्सबाईंनी नळीसारखं काहीतरी दिलं आणि रोज वापरा म्हणाल्या. मी विधवा आहे. मला कशाला हवं ते?

याला डायलेटर म्हणतात, आणि याच्याइतकं कमी समजावून सांगितलेलं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. कागदात गुंडाळून हातात दिलं जातं, तेही घाईघाईत. मग ते कपाटाच्या मागच्या खणात जातं.

बाहेरून दिलेलं रेडिएशन आणि त्यानंतरचं आतून दिलेलं, ज्याला हॉस्पिटलात सगळे ब्रेकी म्हणतात, या दोन्हींमुळे योनिमार्गाच्या भिंती कोरड्या आणि ताठर होतात. एकमेकींना चिकटू शकतात. मार्ग अरुंद आणि आखूड होतो, आणि एकदा घट्ट जुळून आला की परत मोकळा करणं फार अवघड. शरीरसंबंध हा त्यातला एक भाग झाला. दुसरा भाग प्रत्येकीचा आहे, मग ती विधवा असो, अविवाहित असो की साठी उलटलेली: फॉलोअपला डॉक्टरांना आत बोट आणि स्पेक्युलम (मार्ग उघडून आत बघायचं उपकरण) घालून बघता यायला हवं. मार्गच बंद झाला तर आत काय चाललंय हे नुसत्या डोळ्यांनी कळायचं साधन जातं, आणि तपासणी इतकी दुखते की बायका फॉलोअपच टाळतात. म्हणून तो तुमच्यासाठीही आहे.

कधी सुरू करायचं ते रेडिएशनचे डॉक्टर तपासून सांगतात. साधारणपणे उपचार संपल्यावर दोन ते आठ आठवड्यांच्या दरम्यान. आधी नाही, कारण आतली जखम भरायची असते. दार लावून घ्या, पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पाय थोडे फाकवा. पाण्याचा अंश असलेली जेली डायलेटरला आणि योनीच्या तोंडाशी भरपूर लावा. श्वास सोडताना हळूच आत सरकवा. अडलं तर थांबा, दोन श्वास घ्या, जोर लावू नका. पाच ते दहा मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. "रोज" असं तुम्हाला सांगितलं असेल तर एकदा विचारून घ्या, कारण बहुतेक ठिकाणी इतकंच पुरेसं धरतात. नंतर साबण-पाण्याने धुऊन कोरडा करून ठेवा. गुलाबीसर डाग पडला तर घाबरू नका. लाल रक्त पॅड भिजेल इतकं आलं किंवा वास मारणारा स्राव आला तर डॉक्टरांकडे जा. किती दिवस वापरायचा? महिन्यांचा नाही, वर्षांचा हिशेब आहे.

वन रूम किचनमध्ये दार लावून दहा मिनिटं मिळवणं हाच काहींचा मोठा प्रश्न असतो. एकीने मला सांगितलं, ती दुपारी मुलं शाळेत गेल्यावर "माझी पूजा आहे" म्हणून सांगते. सासूबाईंनी आजवर विचारलेलं नाही कसली पूजा.

नवऱ्याजवळ कधी जाता येईल? त्यांना काही होणार नाही ना?

त्यांना काही होत नाही. कॅन्सर असा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बाहेरून किंवा ब्रेकीतून दिलेलं रेडिएशन यंत्र बंद झालं, नळ्या काढल्या की अंगात उरत नाही. ऑपरेशन झालं असेल तर आतले टाके भरायला सहा ते आठ आठवडे द्या आणि डॉक्टरांनी टाके बघून हो म्हटल्यावरच. रेडिएशननंतर अंगावरचा स्राव थांबून दुखणं उतरेपर्यंत थांबा.

पहिल्या काही वेळा जेली हवीच, आणि भरपूर हवी. मोठ्या ऑपरेशनमध्ये योनीचा वरचा भागही काढतात, त्यामुळे खोलवर दुखू शकतं. कुशीवर झोपून, किंवा बाईने वर राहून खोली आपल्या हातात ठेवली की बरंच सुसह्य होतं. कोरडेपणा फार असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम असतं, पण ते तुमच्या कॅन्सरच्या प्रकारात चालतं का हे विचारूनच. आणि इच्छाच होत नसेल, तर तीही तक्रार आहे, नखरा नाही. अंडाशयं बंद पडली की इच्छेचा पायाच हलतो.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एक विषय घरात विष कालवतो: एचपीव्ही विषाणू शरीरसंबंधातून येतो, मग कोणी कोणाला फसवलं? शरीरसंबंध असलेल्या बहुतेक माणसांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो आणि आपोआप निघूनही जातो. मोजक्या बायकांत तो वर्षानुवर्षं टिकतो आणि मग पेशी बिघडतात. विषाणू कधी आला हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. त्यावरून चारित्र्याचा निवाडा करायला वैद्यकात काहीही आधार नाही.

मी नवरा आहे. तिला त्रास होईल म्हणून मी वेगळा झोपतो. बरोबर आहे ना?

हेतू चांगला, पण तिला त्याचा अर्थ बहुतेक उलटा लागतो: मी आता नकोशी झाले. तुम्ही घाबरला आहात हे तिला शब्दांत सांगा आणि अंथरूण परत शेजारी घाला. जवळ झोपणं म्हणजे संबंध ठेवणं नव्हे. पुढच्या फॉलोअपला आत जा, कोपऱ्यात उभे राहू नका, आणि डॉक्टरांना तुम्ही विचारा. नवऱ्याने विचारलं की डॉक्टरही मोकळे होतात. असं व्हायला नको, पण होतं.

पस्तिसाव्या वर्षी पाळी गेली. अंगातून वाफा निघतात, रात्री पंख्याखालीही घाम फुटतो.

अंडाशयं काढली किंवा ओटीपोटाला रेडिएशन दिलं की पाळी हळूहळू न जाता एका झटक्यात जाते, म्हणून लक्षणंही तीव्र येतात. नुसती पिशवी काढून अंडाशयं ठेवली असतील तर पाळी येत नाही, हॉर्मोन मात्र तयार होत राहतात. तुमच्या बाबतीत नक्की काय झालंय ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं.

हॉर्मोनच्या गोळ्या हा माझा प्रांत नाही. तरी सांगते, कारण "कॅन्सर झाला म्हणजे हॉर्मोन अजिबात नाही" हे सरसकट खरं नाही. गर्भाशयमुखाच्या स्क्वॅमस प्रकारात (प्रकार बायोप्सीच्या रिपोर्टवर लिहिलेला असतो) तरुण बाईला पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हॉर्मोन देता येतात, आणि न दिल्याने हाडं आणि हृदय या दोन्हींना धोका वाढतो. पिशवी जागेवर असेल, म्हणजे ऑपरेशनऐवजी रेडिएशन झालं असेल, तर इस्ट्रोजेन एकटं देत नाहीत, त्याला प्रोजेस्टेरॉनची जोड लागते. गर्भाशयाच्या सार्कोमात (स्नायू किंवा आधार देणाऱ्या पेशींच्या कॅन्सरमध्ये) आणि अंडाशयाच्या काही प्रकारांत हॉर्मोन टाळतात. डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारा: "माझ्या प्रकारात चालेल का, नसेल तर का नाही?" हॉर्मोन चालत नसतील तर व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी दुसरी औषधंही वाफांवर देतात.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी एकदा करून घ्या. नाचणीत शंभर ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. एका भाकरीला पीठ लागतं पन्नासेक ग्रॅम. दिवसाला लागतं हजाराच्या पुढे. म्हणजे नाचणी खाच, पण दूध, दही, तीळ यांचीही भर घाला, आणि डॉक्टरांनी गोळी लिहिली असेल तर ती "उष्ण पडते" म्हणून बंद करू नका.

एक पाय सुजला आहे. जोडवं निघत नाही.

जोडवं आज काढा, निघत नसेल तर सोनाराकडून कापून घ्या. पाय आणखी सुजला तर ते बोटात रुततं.

ऑपरेशनमध्ये ओटीपोटातल्या किंवा जांघेतल्या लसीका ग्रंथी काढतात. तिथेच रेडिएशनही झालं असेल तर पायाकडून वर जाणाऱ्या द्रवाचा रस्ता अडतो. त्या सुजेला लिम्फीडेमा म्हणतात. ती उपचारानंतर काही महिन्यांनी येऊ शकते, काही वर्षांनीही. सुरुवात बारीक असते: चपलेचा पट्टा एकाच पायाला रुततो, पैंजणाचा वळ उठतो, संध्याकाळी मांडी जड वाटते. या टप्प्यावर आलात तर खूप काही करता येतं.

पण आधी एक. सूज अचानक, एकाच पायाला आणि दुखरी असेल तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. क्वचित आजार परतल्यानेही सूज येते. त्यामुळे डॉक्टरांनी बघून डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करून ही दोन्ही कारणं बाजूला केल्याशिवाय मी पायाला हात लावत नाही, आणि तुम्हीही कोणाला लावू देऊ नका. मालिशवाल्या मावशींना तर नाहीच. जोरात रगडल्याने सूज वाढते. गरम पाण्याचा शेकही नको. "पाणी साठलंय" म्हणून लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या पुष्कळ जणी भेटतात, त्यांचा या सुजेवर उपयोग नाही.

उपयोग होतो तो मापाच्या दाबाच्या मोज्यांचा, सुरुवातीला पट्ट्या बांधण्याचा, हलक्या हाताच्या लसीका मसाजचा, आणि घोटा-गुडघा हलवण्याच्या व्यायामाचा. मोजे पायाचं माप घेऊन घ्यायचे, दुकानात "मीडियम द्या" म्हणून नाही. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवा, रात्री काढा. आपल्या दमट हवेत ते नकोसे होतात हे मान्य, म्हणून दोन जोड ठेवा आणि रोज धुवा. साधारण सहा महिन्यांनी त्यांचा दाब सैल पडतो, मग नवे घ्यावे लागतात. खर्च आहे, पण मोडलेल्या पायाने घर चालवण्यापेक्षा कमीच.

पावसाळा हा या पायाचा शत्रू. जूनपासून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी फुटते, तिथून जंतू शिरतात. एका रात्रीत पाय लाल, गरम होतो आणि थंडी वाजून ताप येतो. त्याला सेल्युलायटिस म्हणतात, आणि त्यावर अँटिबायोटिक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. सोमवारची वाट बघायची नाही. घरी आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा, रात्री खोबरेल लावा, चिखल्यांना बुरशीचं मलम लावा. दिवाळे, सारसोळे, चेंदणी अशा कोळीवाड्यांतल्या मावशी दिवसभर मासळीच्या पाण्यात उभ्या असतात. त्यांना गमबूट सुचवले की हसतात. पण माशाचा काटा सुजलेल्या पायात गेला की हसू येत नाही. अनवाणी देवदर्शन, पायी वारी हेही या पायाने नको. देव समजून घेईल, सेल्युलायटिस घेत नाही. एसटीने कोकणात जाताना मोजे घालून बसा आणि प्रत्येक थांब्यावर उतरून चाला.

संडास कधी येईल सांगता येत नाही. लोकलने जायचीच भीती बसली आहे.

ओटीपोटाला रेडिएशन देताना आतड्याचा काही भाग वाटेत येतो. हा तुमच्या खाण्याचा किंवा "कोठा नाजूक" असल्याचा दोष नव्हे. टाटा मेमोरियल सेंटरने ऑपरेशननंतर रेडिएशन लागलेल्या ३०० बायकांवर केलेली एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतीच्या रेडिएशननंतर तीन वर्षांत सुमारे ४२ टक्के बायकांना आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास झाला. रोज प्रतिमा घेऊन नेम साधणाऱ्या नव्या पद्धतीत तोच आकडा २१ टक्क्यांवर आला. म्हणजे त्रास आतड्याला किती किरण लागले यावर ठरतो.

वरचेवर पातळ होत असेल तर "रेडिएशनने होतंच" यावर थांबू नका. काहींत पित्तरस नीट शोषला जात नाही, काहींत लहान आतड्यात जंतू वाढतात. दोन्हींवर औषध आहे, पण पोटविकारतज्ज्ञांकडे जावं लागतं. त्रास वाढलेला असेल तेव्हा उसळी, कच्च्या कोशिंबिरी, पालेभाजीचे देठ, जास्त तिखट कमी करा. दूध बंद करून चार दिवस फरक पडतो का बघा. प्रवासाच्या दिवशी नाश्ता मऊ भात-ताकाचा.

संडासमधून रक्त आलं तर मूळव्याध गृहीत धरू नका. लोकलच्या डब्यात मूळव्याधीच्या हमखास इलाजाच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात, तिकडे तर अजिबात जाऊ नका. रेडिएशन झालेल्या गुदाशयाला इंजेक्शन दिलं किंवा कापलं तर जखम न भरण्याचा धोका असतो. रेडिएशनमुळे येणाऱ्या रक्तावर औषधाचा एनिमा, दुर्बिणीतून करायचा आर्गॉन उपचार असे वेगळे इलाज आहेत.

लघवीचं थोडक्यात. मोठ्या ऑपरेशननंतर मूत्राशय भरल्याची जाणीवच काही काळ जाते, तेव्हा जाणिवेची वाट न बघता घड्याळ लावून दर तीन तासांनी जा. खोकताना-हसताना गळत असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम: वायू रोखताना जसं आवळतो तसं आवळून पाच मोजा, सोडा, दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मध्येच थांबवून हा व्यायाम करू नका. रेडिएशननंतर हे स्नायू काहींत ढिले नसून उलट आखडलेले असतात, मग आधी सैल करायला शिकावं लागतं, म्हणून एकदा दाखवून घ्या. बाहेर जायचं म्हणून पाणी न पिणं ही सगळ्यात वाईट युक्ती, कारण गडद लघवी मूत्राशयाला आणखी चिडवते. आणि रात्रंदिवस, झोपेतही, योनीतून लघवी झिरपत असेल तर व्यायामाने जाणार नाही. मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये छिद्र पडलेलं असू शकतं. आठवडा न लावता दाखवा.

कंबर आणि माकडहाडाच्या वर खूप दुखतं. परत आला का?

तपासायलाच हवं, पण उत्तर प्रत्येक वेळी "परत आला" असं नसतं. रेडिएशन झालेल्या, पाळी गेलेल्या बाईच्या ओटीपोटाच्या हाडांत पडल्या-झडल्याशिवायही बारीक चिरा पडतात. साध्या एक्स-रेत त्या बऱ्याचदा दिसत नाहीत, एमआरआयमध्ये दिसतात. वेदनाशामकं, काही आठवडे जपून वावर आणि हाडांचे उपचार यांनी त्या भरून येतात. एमआरआय बघणाऱ्या डॉक्टरांना रेडिएशन झाल्याचं आवर्जून सांगा, नाहीतर ती चीर आजाराचा डाग वाटू शकते.

केमोनंतर हातापायांना मुंग्या. भांडी हातातून सटकतात.

पॅक्लिटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन या औषधांनी नसा दुखावतात. काहींचं काही महिन्यांत ओसरतं, काहींचं थोडं उरतं. मुंग्यांबरोबर दुखत असेल तर ड्युलोक्सेटिनचा उपयोग होतो. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या सगळे लिहून देतात, पण कमतरता नसेल तर त्यांचा भरवसा धरू नका. तवा-कढई उचलायला जाड हातरुमाल, पायात मागे पट्टा असलेली चप्पल, रात्री पॅसेजमध्ये दिवा. लोकल हलत असताना चढा-उतरायचं नाही, पायाला फलाटाचा अंदाज येत नाही.

काय खायचं, काय वर्ज्य?

मासे चालतात. गोड खाल्ल्याने कॅन्सर परत येतो असं नाही, पण पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर झालेल्यांनी वजन नक्की उतरवावं. गोमूत्र, कडू रस, "कॅन्सरवरचा काढा" नको. यकृत बिघडलं की फॉलोअपमध्ये नवा घोळ.

प्रत्येक फॉलोअपच्या आधी आठवडाभर झोप लागत नाही. दर वेळी पेट स्कॅन आणि सीए-१२५ची रक्ततपासणी करून टाकलं तर मन शांत होईल का?

सहसा होत नाही. आकडा दोनने वाढला की पुन्हा झोप उडते. अंडाशयाच्या कॅन्सरबद्दल २०१० साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. लक्षणं नसताना नुसता सीए-१२५ वाढला म्हणून लगेच केमो सुरू केलेल्या बायका, आणि लक्षणं येईपर्यंत थांबलेल्या बायका, दोन्ही गटांचं आयुष्य सारखंच निघालं. लवकर केमो सुरू केलेल्यांचं जगणं मात्र आधी ढासळलं. आता औषधं आणि ऑपरेशनचे पर्याय वाढले आहेत, त्यामुळे तुमचे डॉक्टर सीए-१२५ सांगतील तर करा. स्वतःहून दर महिन्याला लॅबमध्ये जाऊ नका.

फॉलोअप साधारणपणे पहिली दोन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. आजार परतायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. योनीतून रक्त, न थांबणारी कंबरदुखी किंवा पायदुखी, एका पायाची नवी सूज, पोट फुगत जाणं, भूक आणि वजन उतरणं, आठवडे न जाणारा खोकला: यातलं काही झालं तर तारखेची वाट न बघता जा.

भीतीने रोजचं जगणं अडत असेल, रडू आवरत नसेल, तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मराठीतही बोलतो, फुकट आहे. घरात फोनवर बोलता येत नसेल तर इमारतीच्या गच्चीवर जाऊन बोला.

मला झाला, मुलीला होईल का?

गर्भाशयमुखाचा असेल तर तो आनुवंशिक नाही. मुलीला एचपीव्ही लस द्या, नऊ ते चौदा वयात दोन डोस. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते आणि परदेशी लशीपेक्षा स्वस्त आहे. तिची तिशी आली की तपासणी सुरू करा, लस घेतली असली तरी.

अंडाशयाचा, विशेषतः हाय ग्रेड सिरस प्रकारचा असेल तर बीआरसीए तपासणी (आनुवंशिक दोष शोधणारी) तुमची स्वतःची आधी करायची, वय काहीही असो. दोष सापडला तरच मुलीची, बहिणीची, आणि हो, मुलाचीही, कारण हा दोष मुलगेही पुढे नेतात. अस्तराच्या कॅन्सरमध्ये लिंच नावाच्या आनुवंशिक दोषासाठी काढलेल्या गाठीच्या ब्लॉकवरच (लॅबने मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यावरच) तपासणी होते. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटाच्या केंद्रात कॅन्सर जेनेटिक्स विभाग आहे. रिपोर्टबरोबर समुपदेशनही घ्या, कारण लग्नाच्या वयाच्या मुलीच्या हातात नुसता कागद देणं क्रूर आहे.

कामावर परत जाऊ का?

जमत असेल तर जा. रबाळे, महापे, तुर्भे पट्ट्यातल्या कारखान्यांत असाल आणि ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल तर एक गोष्ट बहुतेकींना माहीत नसते: कॅन्सर त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे आणि वाढीव आजारपण लाभ म्हणून पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते, नोकरी दोन वर्षं सलग झालेली असली आणि वर्गणीचे दिवस भरलेले असले तर. एचआर सांगेलच असं नाही. तुम्ही ईएसआयसीच्या शाखेत विचारा.

घरकाम करणाऱ्या मावशींना यातलं काही लागू नाही, याची चीड येते. त्यांना मी एवढंच सांगते की उकिडवं बसून लादी पुसणं बंद, दांड्याचा पोछा मागा. फॉलोअपला लोकलने जाताना दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर रुग्णांना बसता येतं. हॉस्पिटलचा कागद जवळ ठेवा, कोणी हटकलं तर दाखवा.

फाईल किती वर्षं सांभाळायची?

कायमची. रेडिएशनचे परिणाम दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढू शकतात, आणि तेव्हाचे डॉक्टर वेगळे असतात. तीन कागद वेगळ्या प्लास्टिकमध्ये ठेवा: ऑपरेशनचा तपशील, बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट, आणि रेडिएशन किती, कुठे दिलं त्याचा गोषवारा. गोषवारा मिळाला नसेल तर पुढच्या फॉलोअपला मागून घ्या. मोबाईलमध्ये फोटो काढा आणि मुलीच्या किंवा बहिणीच्या फोनवरही पाठवून ठेवा. पुढे कधी कोलोनोस्कोपी, मूळव्याधीचं ऑपरेशन किंवा गुदाशयाचा तुकडा काढायची वेळ आली तर टेबलावर झोपायच्या आधी "इथे रेडिएशन झालेलं आहे" हे डॉक्टरांना स्वतः सांगा, फाईल कोणी उघडली नसेल असं धरूनच.